प्रति: इतकं तीव्र वळण खऱ्या रेल्वेत नसतं

"टेबलावर जागा नाही म्हणून रूळ गोल फिरवलेत, खरी रेल्वे असं करत नाही" हे मॉडेल रेल्वेबद्दल वर आलंय. बहुतेक वेळा पटतं, पण स्वित्झर्लंडमधला ब्रुसिओचा पूल बघा. बर्निना मार्गावरचा, 1908 सालचा, नऊ कमानींचा. गाडी उघड्या कुरणात गरगर फिरते आणि आपल्याच रुळांखालून, एका कमानीतून बाहेर पडते. दातेरी पट्टी (चढावर गाडीला पकड देणारी, रुळांमधली) न वापरता चढ 7 टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, दरीत जागा नव्हती, म्हणून लांबी अशी वाढवली. वळणाची त्रिज्या 70 मीटर. 1:87 प्रमाणाच्या मॉडेलमध्ये (खऱ्याच्या 87 पट लहान) ती होते जेमतेम 80 सेंटीमीटर, म्हणजे मॉडेलवाल्याला वळण काही छाटावंच लागत नाही! शिवाय त्या वर्तुळात शिल्पं मांडलीत, त्यामुळे तर अजूनच खोटं वाटतं.

आपली माथेरानची गाडीही याच जातीची. रुळांमधलं अंतर दोन फूट, 1 ला 20 चा चढ आणि सगळ्या मार्गावर एकुलता एक चिमुकला बोगदा, "लेआउटला (मॉडेलच्या मांडणीला) बोगदा हवाच" म्हणून बसवल्यासारखा. तिथल्या जुन्या जर्मन वाफेच्या इंजिनांचे टोकाच्या चाकांचे आस वळणावर बाजूला सरकायचे, तेव्हा कुठे ती वळायची.