शस्त्रक्रिया सुरू असताना अवजार वेळेवर हातात कसे द्यावे?

विचारणा (शिकाऊ ओटी टेक्निशियन, राजारामपुरी, कोल्हापूर)

ओटी (शस्त्रक्रियागृह) टेक्निशियनच्या पदविकेचे प्रशिक्षण मी सध्या एका खासगी रुग्णालयात घेत आहे. आर्टरी (रक्तवाहिनी पकडण्याचा चिमटा), अ‍ॅलिस, बॅबकॉक (ऊती धरण्याचे चिमटे) ही अवजारे ट्रॉलीवर मांडलेली असली की मला अचूक ओळखता येतात. परंतु शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर सर्जन सर नुसता हात पुढे करतात आणि काय द्यायचे ते मला सुचेपर्यंत शेजारच्या सिस्टरांनी ते दिलेले असते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त परिचारिका, शुक्रवार पेठ)

अवजारांची नावे येतात, तेव्हा आता शस्त्रक्रियेचा क्रम पाठ करा. उद्याच्या यादीत इंग्वायनल (जांघेतला) हर्निया असेल, तर त्वचेचा छेद, रक्तस्राव थांबवणे, कॉर्ड (वृषणाकडे जाणारी दोरी) वेगळी करणे, सॅक (हर्नियाची पिशवी) सोडवणे, जाळी बसवणे आणि थर शिवणे अशा पायऱ्या आदल्या रात्री वहीत उतरवून प्रत्येकीपुढे लागणारे अवजार आणि धागा लिहून ठेवावा, म्हणजे सरांचा हात पुढे येण्याआधीच तुमचा हात ट्रॉलीकडे वळेल. १०, ११ आणि १५ नंबरची ब्लेड ३ नंबरच्या हँडलला बसतात, २२ नंबरच्या ब्लेडला मात्र ४ नंबरचे हँडल लागते; ही जुळवाजुळव ऐनवेळी करण्याची नव्हे.

देण्याचीही रीत असते. आर्टरी बंद करून तिच्या कड्या सरांच्या तळहातावर ठसठशीत टेकवाव्यात, म्हणजे त्यांना जखमेवरची नजर काढावी लागत नाही. नीडल होल्डरमध्ये (सुई धरण्याच्या चिमट्यात) सुई तिच्या धाग्याकडच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतर सोडून पकडावी. ब्लेड हातातून हातात न देता किडनी ट्रेमधून द्यावे. आणि मेट्झनबॉमने धागा कापू नका. ती कात्री नाजूक ऊतींसाठी असते आणि तिची धार गेली की बोलणी तुम्हालाच बसतात.

उत्तर (ओटी टेक्निशियन, कसबा बावडा)

ताईंचे म्हणणे मान्य आहे, तरीही वेगाची काळजी मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. अवजार दोन सेकंद उशिरा दिल्याने सर फार तर रागावतील, पण पोटात मॉप (रक्त टिपण्याचे कापड) राहिला तर रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. म्हणून मॉप, गॉज आणि सुया छेदापूर्वी, पोकळी बंद करण्यापूर्वी आणि त्वचा शिवताना दोघांनी मिळून मोठ्याने मोजाव्यात आणि फळ्यावर लिहाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या सुरक्षा यादीतही रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वी ही मोजणी पूर्ण झाल्याचे तोंडी सांगणे अपेक्षित आहे.

ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) टेपवर पट्टे उमटले म्हणजे गठ्ठ्याला उष्णता लागली एवढेच कळते. आतली इंडिकेटर पट्टी पाहिल्याशिवाय तो संच ट्रॉलीवर घेऊ नये.

विचारणा करणाऱ्याचा प्रतिसाद

आभारी आहे. शस्त्रक्रिया चालू असतानाच पाळी बदलली, तर मोजणी कोणाची धरायची?

उत्तर (ओटी टेक्निशियन, कसबा बावडा)

दोघांची. जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने एकत्र मोजून फळ्यावरच्या आकड्याशी ताळा करावा आणि नोंदवहीत दोघांनी सही करावी. ती होईपर्यंत जाणाऱ्याने गाऊन उतरवू नये.