नोडनी एकमेकांशी बोलायचं कशावर? जीआरपीसी की स्वतःचा प्रोटोकॉल?

गोदाकाठ
द्राक्षबागांतल्या हवामान यंत्रांच्या नोंदी साठवणारा आपला मुक्तस्रोत डेटाबेस आता एका मशीनवरून तीन मशीनवर न्यायचाय: अंबड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत. रेप्लिकेशनचं, म्हणजे त्याच नोंदी तिन्हीकडे ठेवण्याचं, घोडं एकाच प्रश्नावर अडलंय, नोडमधला (या मशीनमधला) संवाद कशावर चालवायचा? माझं मत जीआरपीसी, म्हणजे मशीननी एकमेकांना कामं सांगायची तयार लायब्ररी.

कारण सांगतो. चाचणीसाठी मी साध्या टीसीपी सॉकेटवर कोड लिहिला होता. एका रात्री पावसात पिंपळगावची लाइन गेली. अंबडचा नोड मात्र नोंदी पाठवतच राहिला आणि लॉगमध्ये ओळीमागून ओळ "पाठवलं", "पाठवलं". लिनक्समध्ये समोरून उत्तर आलं नाही तर कर्नल १५ वेळा पुन्हा प्रयत्न करतो, त्यात साधारण १५ मिनिटं जातात. नुसत्या कीपअलाइव्हवर (जोडणी जिवंत आहे का, ही टीसीपीची चौकशी) भिस्त ठेवली तर पहिली चौकशीच ७,२०० सेकंदांनी. तेवढ्या वेळात पान किती तास ओलं राहिलं याच्या नोंदी अडकल्या, तर डावणी रोगाची फवारणी चुकते. जीआरपीसीत पिंग, टाइमआउट, टीएलएस (एन्क्रिप्शन) सगळं तयार मिळतं. हे सगळं आपण पुन्हा का लिहायचं?

सातपूरकर
त्या रात्री मीही लॉग बघत बसलो होतो, पण तुमचा निष्कर्ष पटत नाही. आपल्या कोडमधला सेंड कॉल पूर्ण झाला म्हणजे समोरच्याला मिळालं, असं आपण धरून चाललो. चूक तिथे झाली. समोरच्याने डिस्कवर लिहून "अमुक क्रमांकापर्यंत मिळालं" असं कळवल्याशिवाय नोंद पोचली म्हणायचंच नाही. ही पोच जीआरपीसी घेतलं तरी आपल्यालाच लिहावी लागेल. ती लिहिली की उरतं काय? हार्टबीट (जिवंत असल्याची ठरावीक वेळाने खूण) आणि संदेशाची चौकट. पोस्टग्रेस डेटाबेसच्या संदेशाची चौकट बघा: एक बाइट प्रकार, चार बाइट लांबी. २००३ च्या ७.४ आवृत्तीपासून तीच चालू आहे.

आणि उसनं घेतलेलं पुढे सोडावं लागतं, तेव्हा जास्त त्रास होतो. कॅसँड्रा डेटाबेसने क्लायंटसाठी (तो वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) थ्रिफ्ट ही तयार लायब्ररी घेतली, मग स्वतःचा बायनरी प्रोटोकॉल आणला आणि ४.० मध्ये थ्रिफ्ट काढून टाकलं. मायएसक्यूएलचं ग्रुप रेप्लिकेशन आधी कोरोसिंक या बाहेरच्या सॉफ्टवेअरवर होतं, नंतर त्यांनी स्वतःचं एक्सकॉम लिहिलं.

बेदाणा
मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इथे पहिल्यांदाच लिहितेय. गोदाकाठ सर, जीआरपीसीचा ब्रँच (आपल्या कोडची वेगळी प्रत) मी १ जीबी मेमरीच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बांधून पाहिला. ॲबसेल, प्रोटोबफ, बोरिंगएसएसएल अशा सगळ्या लायब्ररी सोबत येतात. चार जॉब एकदम लावले तर मेमरी संपून कंपायलर मरतो. एकेक जॉबने रात्रभर चाललं. माझ्या वर्गातल्या दोघींनी तिथेच सोडून दिलं. नवीन मुलांनी हातभार लावावा असं वाटत असेल तर एवढं बघा.

कांदाचाळ
लायसन्सवर कुणीच बोललं नाही. आपला प्रकल्प अपाची २.० खाली आहे. आइस ही जीआरपीसीसारखी लायब्ररी, पण ते जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतं, ते अपाचीशी जुळत नाही, म्हणून बाद. झीरोएमक्यू ही संदेश पाठवायची लायब्ररी मला आवडतं. एलजीपीएलवरून एमपीएलवर यायला त्यांना योगदानकर्त्यांची संमती गोळा करावी लागली, २०२३ च्या ४.३.५ आवृत्तीत ते काम पार पडलं. पण त्याचं पब-सब (एकाने पाठवायचं, अनेकांनी ऐकायचं) रेप्लिकेशनला लावू नका. घेणारा मागे पडला आणि रांग भरली, मूळ मर्यादा १,००० संदेशांची, की पुढचे संदेश गुपचूप टाकले जातात. बातम्यांच्या प्रसारणाला ते चालेल, डेटाबेसच्या लॉगला नाही.

गोदाकाठ
सातपूरकर, पोचेचा मुद्दा मान्य, ती आपलीच जबाबदारी. पण कॅसँड्राचे क्लायंट थ्रिफ्टवरच इतकी वर्षं चालले, हेही धरा. आपण अडीच माणसं. टीएलएस, आवृत्ती बदलली तरी जुन्या नोडशी बोलणं, अर्धवट आलेला संदेश, हे सगळं सांभाळायला रात्री कोण बसणार? टायकेव्ही आणि ईटीसीडीसारखे अनेक मशीनवर चालणारे डेटाबेस जीआरपीसीवर उभे आहेत.

बेदाणा, बांधणीची अडचण खरी आहे. डेबियन लिनक्सची तयार पॅकेजेस वापरली तर रात्रभर थांबावं लागणार नाही. या आठवड्यात बिल्डच्या सूचना बदलतो, तुम्ही तपासून द्याल का?

सातपूरकर
टायकेव्हीचं बरोबर. ईटीसीडीचं अर्धंच. तिथे जीआरपीसी क्लायंटसाठी आहे, नोड आपापसात राफ्टचे (एकमत ठरवण्याच्या पद्धतीचे) संदेश स्वतःच्या एचटीटीपी थरावरून पाठवतात. क्लायंटकडे जीआरपीसी आणि नोडमध्ये स्वतःचं, ही वाटणी मला चालेल.

गोदाकाठ
ईटीसीडीबद्दल माझी चूक झाली, दुरुस्त केल्याबद्दल आभार. वाटणीवर मात्र अजून राजी नाही. शनिवारी तिन्ही मशीन अंबडला एका टेबलावर मांडू, दोन्ही ब्रँच आणा. केबल उपटायची नाही, लिंक गेल्याचं मशीनला लगेच कळतं. मधल्या राउटरवर आयपीटेबल्स या फायरवॉलने पिंपळगावची पॅकेट नुसती टाकून द्यायची. ज्याचा नोड दहा सेकंदांत "पिंपळगाव गेलं" म्हणेल आणि परत जोडल्यावर एकही नोंद गाळणार नाही, तो ब्रँच मुख्य शाखेत घेऊ.

बेदाणा
मी येते. रास्पबेरी पाय पण आणते.