शब्दचर्चा : जीवावरण, जीवसंहती आणि आपला माळ

अनुवादक, कोथरूड :

सातवी-आठवीच्या मुलांसाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. विषय जमिनीवरचे आणि पाण्यातले 'बायोम'. 'बायोस्फिअर'साठी जीवावरण, जीवमंडल, जैवमंडल असे तीन शब्द सापडले. कोणता घेऊ? 'बायोम'ला परिसंस्था म्हटलं तर चालेल का? आणि 'सॅव्हाना' तसाच ठेवू की गवताळ प्रदेश म्हणू? त्या पानावरच्या चित्रात जिराफ आणि सिंह आहेत.

भूगोल शिक्षिका, सासवड :

ताई, जीवावरणच घ्या. मुलं शाळेत शिलावरण, जलावरण, वातावरण शिकलेली असतात, त्याच पंगतीत हा शब्द सहज बसतो. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूस यांनी १८७५ मध्ये मूळ शब्द वापरला, तोही खडक, पाणी, हवा यांच्या जोडीला सजीवांचा थर म्हणूनच. पुढे रशियन शास्त्रज्ञ व्लादिमीर वेर्नाद्स्की यांनी १९२६ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि सजीव नुसते पृथ्वीवर राहत नाहीत, ते हवा आणि माती घडवतात, हा विचार रुजवला. खोल समुद्राच्या तळापासून हवेत जिवाणू सापडतात त्या उंचीपर्यंत मोजलं तरी हा थर साधारण वीस किलोमीटरचा. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. एवढ्या पातळ थराला 'आवरण'च शोभतं.

बायोमला परिसंस्था मात्र नको. परिसंस्था म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर मिळून झालेली व्यवस्था, ती कितीही लहान असू शकते. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीतलं पाणी ही एक परिसंस्था, ओढ्याकाठचं डबकं ही दुसरी. बायोम म्हणजे हवामानाने घडवलेला मोठा पट्टा, आणि तो ओळखायचा वनस्पतींच्या ठेवणीवरून, जातींवरून नाही. म्हणूनच दोन खंडांत एकही झाड सारखं नसलं तरी बायोम एकच असू शकतो. पारिभाषिक शब्द आहे जीवसंहती. पहिल्यांदा 'जीवसंहती, म्हणजेच बायोम' असं लिहा आणि पुढे बिनधास्त जीवसंहती वापरा. मुलं याहून अवघड शब्द पचवतात.

आता सॅव्हाना. माझा जीव इथे अडकतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सलग गवत, त्यात विरळ झाडं, ठरावीक महिन्यांत पाऊस आणि मग लांबलचक कोरडा काळ, याला सॅव्हाना म्हणतात. जिराफ ही काही त्याची अट नाही. मोरगावहून सुप्याकडे जाताना दुतर्फा हेच तर दिसतं : गवत, मध्ये हिवर, बोर, बाभूळ, तरवड. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, पण तिथे चिंकारा दिसतो. या माळांवर लांडगा आहे, खोकड आहे, धाविक पक्षी आहे. माळढोक आणि माळटिटवी तर नावातच माळ घेऊन आलेत. सॅव्हाना दूर आफ्रिकेत असतो असं शिकून आपली मुलं बसच्या खिडकीतून तोच सॅव्हाना बघतात आणि म्हणतात, इथे काही नाही.

पावसाचे आकडे बघा. ताम्हिणीत वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक, पुणे शहरात सातशेच्या आसपास, आणि बारामती-दौंड-इंदापूर भागात पाचशेच्या आगेमागे. दीडशे किलोमीटरच्या आत सदाहरित जंगल, पानगळीचं जंगल आणि माळ, सगळं एका जिल्ह्याच्या आवाक्यात. पुण्याच्या मुलांना जीवसंहती शिकवायला जगाचा नकाशा नंतर काढला तरी चालेल.

एक गोष्ट पुस्तिकेत जरूर घाला. दिवाळीनंतर माळावरून चालून आलं की मोज्यांत कुसळं रुततात. ती कुसळी नावाच्या गवताची. त्यातलं एक काढून तळहातावर ठेवा आणि पाण्याचा थेंब टाका. पिळलेली शेपटी आपोआप उलगडायला लागते, वाळली की पुन्हा पिळते. याच हालचालीने टोकदार बी मातीत शिरतं, कुणी पेरावं लागत नाही. वणवा वरून निघून गेला तरी मातीत शिरलेलं बी शाबूत राहतं. कोरड्या, अधूनमधून पेटणाऱ्या जमिनीत टिकायची ही तयारी माळाच्या गवताने फार जुन्या काळापासून केलेली आहे. हे जंगल तोडून उरलेलं गवत नव्हे.

तेव्हा शीर्षक 'सॅव्हाना, म्हणजेच माळरान' असं द्या. 'गवताळ प्रदेश' चूक नाही, पण त्यात प्रेअरी, स्टेप, पंपास सगळेच येतात आणि झाडांचा पत्ताच लागत नाही.

टेकडीप्रेमी, पाषाण :

बाई, माळरान पटलं. पण त्याच पानावर 'पडीक जमीन' असा शब्दही येईल, कारण अनेक लेखांत माळाला सर्रास पडीकच म्हणतात. तो ठेवायचा का?

भूगोल शिक्षिका, सासवड :

अजिबात नाही. पड म्हणजे नांगराखालची जमीन एखाद्या वर्षी न पेरता सोडणं. माळ कधी नांगरलाच नव्हता, मग तो पडेल कसा? गावात या शब्दांचा घोळ होत नाही. गुरांसाठी राखलेलं गावाचं ते गायरान, गवत वाढवून कापायचं ते कुरण, सातबाऱ्यावर लागवडीला अयोग्य म्हणून वेगळा काढलेला तुकडा तो पोटखराबा. पण यातला खराबा म्हणजे पिकासाठी खराब. मेंढपाळाला विचारा, तो त्या जमिनीला खराब म्हणणार नाही. त्याच्या मेंढ्या पावसाळ्यात त्यावरच जगतात आणि पुढे शेतकरी खतासाठी त्याच मेंढ्या रानात बसवतो.

घोटाळा कागदावर होतो. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशांत झुडपी आणि गवताची जमीनही मोडते. एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला हरकत राहत नाही. प्लॉट पाडा, मुरूम उचला, नाहीतर चांगल्या हेतूने खड्डे खणून झाडं लावा. गवताला ऊन लागतं. दाट सावली पडली की पवन्या, मारवेल, कुसळी जातात आणि त्यांच्यामागे चंडोलही जातो. झाडं लावणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, पण माळावर दाट झाडी करणं म्हणजे एक जीवसंहती पुसून टाकणं आहे.

टेकडीप्रेमी, पाषाण :

आमच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाच्या झाडांची दाटी आहे, त्याखाली गवत फारसं दिसत नाही. आता कारण कळलं.

पक्षीनिरीक्षक, भिगवण :

पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. जमिनीवर पाऊस आणि तापमान ठरवतात, पाण्यात ठरवतात ते मीठ, उजेड, खोली आणि प्रवाह. समुद्रात साधारण दोनशे मीटरखाली प्रकाशसंश्लेषणाला पुरेल इतका उजेड पोहोचत नाही, तिथून पुढचं जगणं बहुतेक वरून झिरपणाऱ्या अन्नावर. शब्द मराठीत भरपूर आहेत : गोडं पाणी, खारं पाणी, आणि खाडीतलं मचूळ पाणी. 'निमखारे' लिहायची गरज नाही, मचूळ सगळ्या कोकणाला कळतं. खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी जमीन, आणि कांदळवनही तसेच घ्या.

धरणामागे पसरलेल्या पाण्याला, म्हणजे 'बॅकवॉटर'ला, आमच्याकडे फुगवटा म्हणतात. उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यापासून पाणी उतरायला लागतं, चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी त्या उथळ पाण्यात चोच उलटी धरून अन्न गाळत फिरतात. उघड्या पडलेल्या गाळावर लोक पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं याची रेषा इथे दर महिन्याला सरकते. नकाशात जीवसंहतींचे रंग चाकूने कापल्यासारखे दाखवतात, त्या पानावर गाळपेरीचं एक चित्र द्या.

अनुवादक, कोथरूड :

सगळ्यांचे मनापासून आभार. जीवावरण, जीवसंहती, माळरान, मचूळ, फुगवटा घेतले, पडीक काढला. जिराफाचं चित्र राहील, पण शेजारी हिवराखालच्या चिंकाऱ्याचं काढून घेते आहे. बाई, टुंड्रा आणि तैगाचं काय करू?

भूगोल शिक्षिका, सासवड :

टुंड्रा तसाच ठेवा, ती जमीन आपल्याकडे नाही, तर शब्द कुठून येणार? तैगासाठी सूचिपर्णी अरण्य चालेल. आणि चिंकाऱ्याच्या पायाखालचं गवत हिरवंगार रंगवू नका. डिसेंबरनंतर ते सोनेरी असतं आणि तेव्हाही जिवंत असतं.