विषय: नागपुरात पहिली बाइक, नवी की जुनी? शनिवारच्या आत सांगा

धंतोलीची ताई:
बहिणीच्या मुलाचं लर्निंग झालं, पक्क्या लायसन्सची टेस्ट पुढच्या आठवड्यात. घर नंदनवनला, कॉलेज हिंगणा रोडला. पैसे मी इथून, परदेशातून पाठवणार. भाऊजी नवीच घ्या म्हणून अडून बसलेत. माझं म्हणणं, पहिल्या वर्षी गाडी पडणारच. आरसा जाईल, क्लच लिव्हर वाकेल. मग कोऱ्या गाडीवर ते कशाला? मानेवाड्याचे भाऊ, गणपतीच्या जेवणात तुम्ही घरी उभ्या गाडीचं बोलला होतात. ती आहे का अजून?

मानेवाड्याचे भाऊ:
आहे ताई. 2019 ची, 125 सीसी, चौदा हजार किलोमीटर झालेली. चार उन्हाळे अंगणात ताडपत्रीखाली आहे, आई अजून पुसत असते. पैसे नकोत, पोरगं चालवेल तर मला बरंच वाटेल.

महालचे काका:
भाऊ, मन मोठं आहे तुमचं, पण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त खराब होते. मेमधलं आपल्याकडचं पंचेचाळीसचं ऊन खाऊन रबर कडक होऊन राहतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2219 असेल तर तो 2019 च्या 22 व्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी पहिल्या पावसात घसरतो. बॅटरी गेलीच समजा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, कार्बोरेटर साफ करून घ्या, ब्रेक शू आणि केबल बदला. मी शिकलो तेव्हा थोरल्या भावाची अशीच उभी गाडी काढली होती, लक्ष्मीनगर चौकात पुढचा ब्रेक लागलाच नाही. गुडघ्यावरची खूण अजून आहे.

सदरच्या काकू:
टायर दुकानात मिळेल हो, कागदांचं काय? नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याची सही लागते, आणि भाऊ इथे बसलेत. ऑनलाइन करा म्हणाल तर ओटीपी येतो नोंदवलेल्या नंबरवर. भाऊ, तुमचा भारतातला नंबर सुरू आहे का? कर्ज काढलं होतं ना? ते फिटलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही, बँकेचं एनओसी आणि फॉर्म 35 द्यावा लागतो. माझ्या दिराने नुसत्या विश्वासावर गाडी दिली. दोन वर्षांनी अपघाताची नोटीस त्यांच्याच दारात आली.

रामदासपेठवाले:
खरेदी-विक्रीच्या निरोपांसाठी आपली वेगळी यादी आहे, मी तीन वर्षं ती सांभाळतोय. तिथे टाकलं असतं तर बरं झालं असतं. आता विषय निघालाच आहे तर नवीचाही विचार करा. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो, त्यामुळे तो चुकून संपत नाही. शिकाऊ मुलाच्या हाती विमा संपलेली गाडी देऊ नका.

धंतोलीची ताई:
यादीचं चुकलं, पुढच्या वेळी तिथेच टाकीन. काका, ब्रेकचं वाचून पोटात गोळा आला. मुलगा बारीक आहे, दोन्ही पाय टेकतील अशीच गाडी हवी. भाऊ, डिसेंबरात तुम्ही जाताय ना? सह्या तेव्हाच होतील का?

सदरच्या काकू:
म्हणजे डिसेंबरपर्यंत गाडी भाऊंच्याच नावावर. मग विमा आधी, चावी नंतर. पीयूसीही संपलं असेल.

मानेवाड्याचे भाऊ:
काकू, कर्ज 2021 लाच फिटलंय, एनओसी कपाटात आहे, बोजा मात्र उतरवलेला नाही. नंबर सुरू आहे, दर तीन महिन्यांनी रिचार्ज करतो. आताच आईला फोन लावला. ती चष्मा लावून अंगणात गेली, टायरवरचे आकडे वाचले. दोन्हीवर 1119. टायर, बॅटरी, ब्रेक आणि विमा माझ्याकडून. ताई, मुलाला म्हणावं रविवारी सकाळी मिस्त्रीला घेऊनच ये. आई पोहे करून ठेवेल. मिस्त्रीने ठीक आहे म्हटल्याशिवाय ती चावी देणार नाही, तसं मी तिला सांगितलंय.