नंबर जुळले म्हणजे रिव्हॉल्वर अस्सल ठरतं का?

निळाई (धागाकर्ता)

जुनं लष्करी रिव्हॉल्वर समोर आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नंबर जुळतात का? फ्रेम, नळी आणि सिलिंडर (काडतुसांचं फिरतं नळकांडं) यांवर एकच आकडा दिसला की माणूस निर्धास्त होतो. मला ही सवय घातक वाटते. तिच्यामुळे खोटा माल पदरात पडतो आणि खरा हातचा जातो.

अमेरिकी कंपनी कोल्टचं १८७३चं सिंगल अ‍ॅक्शन (दर वेळी अंगठ्याने घोडा ओढावा लागणारं) रिव्हॉल्वर घ्या. घोडदळाला ते साडेसात इंची नळीचं दिलेलं होतं. १८९०च्या दशकात सैन्याने ती रिव्हॉल्वरं परत मागवून नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या. त्या दुरुस्तीत सुटे भाग एकमेकांत मिसळले आणि हाताला आले तसे जोडले गेले. आज ज्यांना 'आर्टिलरी मॉडेल' म्हणतात त्यांच्यातल्या बहुतेकांवर वेगवेगळे नंबर असणं हीच खरी अवस्था आहे.

नागांत १८९५ या रशियन रिव्हॉल्वरची गोष्ट उलटी. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत डेपोंमध्ये ती थोकाने दुरुस्त झाली, आणि कित्येकांच्या भागांवर जुना आकडा खोडून नवा कोरला गेला. नंबर जुळतात, पण ते जन्माचे नाहीत. चौकोनात तिरकी रेघ असा दुरुस्तीचा ठसा दिसला तर हे समजून घ्यायचं.

मी स्वतः एकदा वेब्ली मार्क ६ हे ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्वर घेऊन फसलो. १९१६चा ठसा, सरकारी मालकीचा बाण, नंबर जुळलेले. विकणाऱ्याने खात्री दिली, मी मान डोलावली. घरी दिव्याखाली आडवं धरलं तेव्हा सिलिंडरची मागची बाजू आणि फ्रेम यांच्यामधून उजेड आरपार दिसला. .४५५च्या काडतुसाऐवजी .४५ एसीपी हे अमेरिकी पिस्तुलाचं काडतूस अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये बसावं म्हणून सिलिंडरची पाठ तासून काढली होती. सैन्यातून निघालेल्या हजारो वेब्लींचं हेच झालं. नंबर एका अक्षराने खोटा नव्हता, तरी वस्तू गेलेली होती.

म्हणून माझं म्हणणं, आधी धातू वाचा. कारखान्यात बहुतेक ठसे निळाई (पोलादावरचा काळसर निळा रासायनिक थर) चढवण्याआधी मारलेले असतात, त्यामुळे ठशाच्या तळालाही तोच रंग असतो. नंतर मारलेल्या ठशाची कड भिंगाखाली चकाकते. पुन्हा पॉलिश झालं असेल तर अक्षरं उथळ होतात, स्क्रूच्या छिद्रांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात आणि फ्रेमचे कोपरे बोटाला गुळगुळीत लागतात.

दस्तऐवज

साफ असहमत. भिंग तुमच्याकडे आहे तसं खोटा माल करणाऱ्याकडेही आहे, आणि धातू जुना दिसवायला त्याच्याकडे आम्लही आहे. तो ठसा मारून वर निळाई चढवतो. मग तुमची चकाकती कड कुठे राहिली?

कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांच्या जुन्या नोंदींवरून पत्र मिळू शकतं: अमुक नंबर अमुक तारखेला कुठे पाठवला. पत्रात खासगी व्यापाऱ्याचं नाव निघालं आणि मुठीवर सैन्याचा निरीक्षणाचा ठसा असेल, तर विषय संपला. एन्सवर्थ या निरीक्षकाचे ठसे असलेली कोल्ट तर जास्तच संशयाने बघावीत, कारण १८७६च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईशी, म्हणजे अमेरिकी घोडदळाच्या प्रसिद्ध पराभवाशी, नाव जोडलं की खरेदीदार डोळे मिटतो. १८४७चं कोल्ट वॉकर जेमतेम ११००च्या आसपास बनलं, त्यातली १००० सैन्याची, लष्करी तुकडीच्या (कंपनीच्या) अक्षरांसह. इतक्या कमी वस्तूंमध्ये ते कोणाकडून कोणाकडे गेलं याची साखळी नसेल तर मी हात लावणार नाही.

आणि आर्टिलरी मॉडेलबद्दल: सुरुवातीच्या तुकडीतली काही जुळत्या नंबरांनी राहिली. त्यामुळे 'जुळतंय म्हणजे गडबड' हाही उलटा भाबडेपणाच.

निळाई

शेवटचा मुद्दा मान्य, माझं वाक्य एकांगी वाचलं जाऊ शकतं. पण पत्र नंबराबद्दल बोलतं, लोखंडाबद्दल नाही. चांगल्या नोंदीचा नंबर दुसऱ्या फ्रेमवर मारला तर पत्र खरंच राहतं. तो नंबर मूळचा की घासून नवा मारलेला, हे शेवटी फ्रेमच सांगते.

शस्त्रागार

तुम्ही दोघेही 'मूळ' शब्दात अडकला आहात. लष्करी रिव्हॉल्वर लष्कराच्या हातात बदलतच राहतं. एनफिल्ड नंबर २ हे ब्रिटिश रिव्हॉल्वर बघा. १९३८मध्ये मार्क १* आलं, घोड्याचं बोट (अंगठ्याने घोडा ओढायचा उंचवटा) काढून टाकलेलं. आधीची कित्येक मार्क १ त्याच पद्धतीने बदलली गेली. आता काहीजण शोधून बोटाचा घोडा परत बसवतात आणि 'मूळ रूपात आणलं' म्हणतात. माझ्या मते त्यांनी त्याचा लष्करी इतिहास पुसला. नागांतवरचा कोरलेला नंबरही सैन्याच्याच हातचा आहे, त्याला खोटा म्हणू नका.

बाण नाही म्हणून वेब्ली नाकारणारेही मला भेटलेत. ब्रिटिश अधिकारी आपलं रिव्हॉल्वर स्वतःच्या पैशाने घेत. त्यावर बाण नसायचा, तरी ते आघाडीवर गेलंच.

दस्तऐवज

मग सीमा कुठे? स्मिथ अँड वेसनचं दुसऱ्या महायुद्धातलं व्हिक्टरी रिव्हॉल्वर घ्या, नंबरापुढे व्ही. ब्रिटनला पाठवलेलं पाच इंची, .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) काडतुसाचं. युद्धानंतर व्यापाऱ्यांनी नळ्या कापल्या आणि सिलिंडर .३८ स्पेशल या लांब काडतुसासाठी पुढे खोल केले. मूळ काडतूस जाड, म्हणून नवीन काडतुसाचं पितळ त्यात फुगतं. हे सैन्याने केलं नाही. याला काय म्हणाल?

शस्त्रागार

बिघडवलेलं म्हणेन. खोटं नाही, कारण कुणी ते दुसरं काही असल्याचं भासवत नाही. भासवलं, उदाहरणार्थ कापलेल्या नळीला नवी माशी (नेम धरायचा पुढचा उंचवटा) बसवून चार इंची अमेरिकी म्हणून विकलं, तर खोटं.

निळाई

ही फोड मला पटली: सैन्याचा बदल, व्यापाऱ्याचा बदल आणि फसवणूक. माझं वेब्ली दुसऱ्या खणात जातं, आणि ते विकताना मी तसंच सांगेन. व्हिक्टरी बघताना उजव्या मुठीची पट्टी मात्र उलटून बघा. तिच्या आतल्या बाजूलाही नंबर असतो, आणि पॉलिश करणारा तिथे सहसा पोचत नाही.