पॉलिसी रद्द झाली हे तिसऱ्याला कळवायचं की नाही?

लोडिंगवाला_श्रीरामपूर
परवा इथल्या एका धाग्यावर 'निवृत्त_विमाकर्मी' यांनी लिहिलं की पॉलिसी कंपनी आणि विमाधारक यांच्यातला करार. रद्द करताना त्याला सात दिवसांची नोटीस गेली की विषय संपला, तिसऱ्याने मध्ये पडू नये. वाचून डोकं फिरलं.

मी कारखान्याच्या साखरेला गाड्या लावतो. प्रत्येक गाडीची आरसी, परमिट, पॉलिसी फाइलला लावल्याशिवाय लोडिंग स्लिप देत नाही. एका मालकाने प्रीमियमचा चेक दिला, पॉलिसी हातात आली, झेरॉक्स माझ्याकडे. पुढे चेक परतला, पॉलिसी रद्द. नोटीस गेली मालकाला, म्हणजे ज्याला आधीच माहीत होतं त्यालाच! त्यानंतर गाडीने एक मोटरसायकल उडवली. आता अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलमध्ये मीही सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध दावा तो). मालकाच्या नावावर त्या गाडीपलीकडे काही नाही.

निवृत्त_विमाकर्मी
माझ्या नावाने पावती फाडण्याआधी नीट वाचत जा. सात दिवसांची अट धड चाललेल्या पॉलिसीला. चेक परतला तर विमा कायदा १९३८, कलम ६४ व्हीबी: प्रीमियम आला नाही, तर जोखीम नाही. आणि तुमच्या फाइलीत झेरॉक्स आहे हे कंपनीला स्वप्नात दिसणार का? उद्या पंपवाला म्हणेल, उधारीवर डिझेल देतो, मलाही कळवा.

दावा_वकील
साहेब, सोयीचं तेवढंच सांगताय. रस्त्यावर मेला त्याच्या घरच्यांपुढे ६४ व्हीबी नुसतं चालत नाही. सुप्रीम कोर्टाचं लक्ष्मम्मा प्रकरण, २०१२. बसचा प्रीमियम चेकने भरला १४ एप्रिल २००४ ला, अपघात ११ मे, कंपनीने पॉलिसी रद्द केली १३ मे. कंपनीला भरावं लागलं. अपघाताच्या आधी रद्द करून कळवलं असेल तरच सुटका. देद्दप्पा प्रकरणात तसं केलं होतं, आरटीओलाही पत्र होतं, म्हणून जबाबदारी नाही असं ठरलं. तरी कोर्टाने राज्यघटनेचं कलम १४२ वापरून सांगितलं, आधी वारसांना द्या, मग मालकाकडून वसूल करा.
लोडिंगवाले, तुमच्या केसमध्ये आरटीओला पत्र गेलं होतं का?

लोडिंगवाला_श्रीरामपूर
गेलं होतं म्हणे. पोच जोडलीय त्यांनी.

दावा_वकील
मग अवघड आहे.

शेडवाली_इचलकरंजी
तुम्ही तिसरे तरी आहात. मला माझीच पॉलिसी रद्द झाल्याचं कळलं नाही! लूमची शेड, बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाला तारण. प्रीमियम बँकच खात्यातून कापते. फायर पॉलिसीतला अ‍ॅग्रीड बँक क्लॉज काढून वाचा: बँकेला नोटीस दिली की विमाधारकाला दिल्यासारखीच. कंपनीचं पत्र बँकेत आलं, इनवर्डचा शिक्का बसला, कडेला पेन्सिलीने 'पार्टीस कळविणे' लिहिलं, आणि कागद पंच करून लोन फाइलला. शॉर्टसर्किटमध्ये चार लूम गेले तेव्हा मला दाखवला.

बँकवाला_मिरज
आली का गाडी बँकेवर! पार्टी स्टॉक स्टेटमेंट वेळेवर देत नाही, माल दुसऱ्या गोडाऊनला हलवते, वर विम्याचं आम्ही बघायचं. सँक्शन लेटर वाचा ताई, विमा चालू ठेवणं कर्जदाराचं काम असतं.

शेडवाली_इचलकरंजी
ताई-बिई नको. स्टेटमेंट दर महिन्याला दिलंय, सही-शिक्क्याची पोच आहे. विमा माझं काम, तर पॉलिसी कुठल्या कंपनीची घ्यायची हे शाखेतून का ठरतं? कर्ज मंजूर करताना आयुर्विमाही गळ्यात मारलात, त्याचं टार्गेट कोणाचं होतं?

बँकवाला_मिरज
टार्गेट वरून येतं, मी घरून आणत नाही.

निवृत्त_विमाकर्मी
आयुर्विम्यावर नवीन धागा काढा. पण शेडवाल्या बाईंचा मुद्दा मानावा लागेल, तो क्लॉज तसाच आहे. ज्या बँकेचा पैसा अडकलाय तिला आम्ही कळवतो, बाकीच्यांना नाही. आता म्हणा विमावाले चोर.

लोडिंगवाला_श्रीरामपूर
हेच तर बोंबलून सांगतोय! बँकेचा पत्ता पॉलिसीवर छापता येतो, मग माझा का नाही?

निवृत्त_विमाकर्मी
बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे तारण असतं, तुमचं भाडं असतं. मोठ्या प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या बँका 'रद्द करण्याआधी आम्हाला नोटीस' अशी एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली जादा अट, लावून घेतात. तुम्ही मागितली का कधी?

लोडिंगवाला_श्रीरामपूर
एका ट्रकच्या पॉलिसीवर लावून देईल का कोणी?

निवृत्त_विमाकर्मी
देणार नाही. पन्नास गाड्यांचा फ्लीट घेऊन गेलात तर चहा पाजून देतील. तोवर पॉलिसीच्या झेरॉक्सबरोबर प्रीमियम खात्यातून गेल्याचं बँक स्टेटमेंटही मागत जा.

दावा_वकील
आणि सामनेवाला म्हणून कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दाखल केलीत का? तारीख कधीची आहे ते आधी सांगा.