रीफ ठीक, पण शापोऱ्याच्या मुखाचं काय?

गणपतीनंतर चौदा फुटी डिंगीने (छोट्या शिडाच्या होडीने) पणजीहून उत्तर गोव्यातल्या शापोरा नदीच्या मुखात जायचं, वारा वाढला तर रीफ करू, म्हणजे शिडाचा खालचा भाग बांधून शीड लहान करू, असा तुमचा बेत दिसतो. रीफ किनाऱ्यावरच बांधून निघा. सोडणं सोपं, लाटांत बांधणं कठीण. वाटेत करावंच लागलं तर आधी मेनशीट (शीड आवळण्याचा दोर) सैल, मग हॅलयार्ड (शीड वर चढवण्याचा दोर) उतरवा, शिडाच्या पुढच्या कडेची कडी हुकात अडकवा, हॅलयार्ड पुन्हा ताणा आणि शेवटी शिडाचा मागचा कोपरा दोराने बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) टोकाकडे खेचा. घोळ याच शेवटच्या टप्प्यात होतो. दोर नुसता खाली ओढला, मागे ताणला नाही, की शिडाला पोट सुटतं, होडी वाऱ्याकडे तोंड फिरवत राहते आणि सुकाणू धरून हात भरून येतो. शिडाच्या मधल्या बारीक दोऱ्या ताण घेण्यासाठी नसतात, शीड फाटतं तिथेच.

खरी भीती मुखाची. शापोऱ्याला मोरजीच्या बाजूने वाळू पुढे आलेली असते. ओहोटीचं पाणी बाहेर येताना समोरून लाट आली की ती उभी राहते आणि फुटते, वारा मंद असला तरी. म्हणून भरतीच्या शेवटच्या टप्प्यात शिरा, उधाणाचे दिवस टाळून. बाहेर थांबून लाटांचे दोन-तीन मोठे झुंड बघा. आडव्या पट्ट्यात सगळीकडे पांढरं दिसत असेल तर परत फिरा. परतीपुरता उजेड हाताशी हवाच. तिथे उलटलात तर डोलकाठी वाळूत रुतते, मग सेंटरबोर्डवर (होडीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर) उभं राहूनही होडी सरळ होत नाही.

पश्चिमेचा वारा होडीला किनाऱ्याकडे ढकलतो, म्हणून तो असेपर्यंत वाटेतल्या कांदोळी-कळंगुटच्या किनाऱ्याला चिकटून जाऊ नका.